वासोण्याची तिकिटं

सिल्वासातल्या आमली भागात, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत हेमंत गायधनींचं घर होतं. घर म्हणजे खरं तर अर्धं घर. पोर्तुगिजांच्या काळात कचेरीतल्या दोन कारकुनांसाठी बांधलेलं ते जोडघर. वर एकच कौलारू छप्पर, पुढे एकच लांब ओटा, ओट्यावर शेजारी शेजारी दोन दारं आणि मागे दोघांत मिळून एक विहीर. दोन दारांच्या मधोमध भिंतीत एक दगड बसवलेला होता आणि त्यावर १९११ हा आकडा कोरलेला होता. आत दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीतही एक दार होतं, पण ते कित्येक वर्षं खिळे ठोकून बंद केलेलं.

हेमंतचे वडील नाना सरकारी नोकरीसाठी नाशिकहून सिल्वासाला आले, तेव्हा त्यांनी डावं घर गोव्याला परत निघालेल्या एका कुटुंबाकडून घेतलं. उजव्या घरात एक गुजराती मास्तर राहायचे. त्यांची मुलं वापीला स्थायिक झाली आणि पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मास्तरांनी ते घर बारकूला विकलं.

बारकू आणि सरुबाई नंदुरबारकडचे. बारकू सुताच्या कंपनीत मशीनवर होता. मशीनच्या आवाजाने त्याचे कान गेले आणि मग नोकरीही गेली. सरुबाईने मग ओट्यावरच खानावळ सुरू केली. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी, डाळ-भात. दुपारी दीड वाजता आणि संध्याकाळी शिफ्ट सुटली की खानदेशातली, बिहारची, ओडिशाची पोरं ओट्यावर ओळीने बसायची. पायरीखाली तीस-चाळीस चपलांचे जोड पडलेले असायचे. वर तारेने टांगलेली पत्र्याची पाटी होती, ‘सरुबाई खानावळ’. ती त्यांची मुलगी ममता हिने दहावीच्या सुट्टीत स्वतः रंगवली होती.

हेमंत आणि त्याची बायको वर्षा यांचं या शेजाऱ्यांशी चांगलं होतं. नुसतं चांगलं म्हणणंही कमीच. हेमंतला कंपनीने तीन वर्षं पुण्याच्या कारखान्यात पाठवलं, तेव्हा नाना हट्टाने इथेच राहिले. मग कोरोना आला आणि रस्ते बंद झाले. नानांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हा बारकूने मधल्या दाराचे खिळे उपटले. पाच महिने सरुबाई त्या दारातून जाऊन-येऊन नानांना भरवत होती, बारकू त्यांना पुसत होता, त्यांची नखं कापत होता. नाना गेले त्या आठवड्यात हेमंत स्वतःच पुण्यात तापाने फणफणत इस्पितळात पडलेला होता. नानांना अग्नी बारकूने दिला. हेमंत बरा होऊन आला तेव्हा सरुबाईने अस्थींचं गाडगं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, “भाऊ, शेवटी तुमचंच नाव घेत होते.” खरंतर नानांची वाचा महिनाभर आधीच गेली होती. हेमंतला ते माहीत होतं.

त्यानंतर हेमंतची बदली परत सिल्वासाला झाली आणि चार वर्षं गेली. आता त्याला निवृत्तीला सहा महिने उरले होते. मुलगी मंजुषा नाशिकला नोकरीला होती आणि तिचं लग्नही तिथेच ठरत होतं. नाशिकला जायचं, हे घर विकायचं, असं नवराबायकोने ठरवलं. विकी नावाच्या दलालाने मोबाईलवर जाहिरात टाकली. ऐतिहासिक पोर्तुगीजकालीन वास्तू, सागवानी दारं-खिडक्या, शांत परिसर.

तीन गिऱ्हाइकं आली. वापीचे एक डॉक्टर गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली करून त्यांनी चपला पाहिल्या आणि काच वर केली. एक इंजिनीयर आत आला, पण अर्धं लक्ष त्याचं बाहेरच्या गलक्याकडे. “हे रोजचंच का?” असं त्याने दोनदा विचारलं. तिसऱ्याने फोन करतो म्हणून केला नाही.

“साहेब, घर नंबर वन आहे,” विकी म्हणाला. “पण पार्टी ओट्यावरूनच परत जाते.”

“मग मी काय करू? त्यांचं घर आहे ते. त्यांना बाहेर काढू?”

“काढायचं कोण म्हणतंय? पुढच्या संडेला पुण्याची पार्टी येते आहे. इथल्या कंपनीत जॉइन होणारे. नवराबायको दोघंच, सीधे लोक. एक दिवसासाठी यांना कुठे तरी धाडा ना. बघून झालं, मन बसलं की पुढचं पुढे.”

हेमंतने त्याला झिडकारलं. “असलं काही मला जमणार नाही,” म्हणाला. पण दोन दिवस ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही. कंपनीतल्या एका माणसाची वासोण्याच्या सिंह सफारीत ओळख होती, तिसऱ्या दिवशी त्याच्याकडून हेमंतने रविवारची तीन तिकिटं आणवली.

संध्याकाळी तो सरुबाईकडे गेला. ती परातीत पीठ मळत होती.

“सरुताई, इतकी वर्षं झाली, वासोण्याचे सिंह बघितलेत का?”

“कुठलं भाऊ! हितून दहा किलोमीटर, पन कधी गेले नाही. माझी पोरं म्हनजे जेवनारी पोरं, त्यांचं कोन बघनार?”

“या रविवारी जा. तिघंही जा. एक दिवस खानावळ बंद ठेवा. ही तिकिटं. जायला रिक्षाही सांगितली आहे.”

सरुबाईने हात पदराला पुसले आणि तिकिटं दोन बोटांत धरली. मग ओरडून बारकूला सांगितलं, कारण हळू बोललेलं त्याला ऐकू जायचं नाही. “आवो, भाऊंनी तिकिटं आनली! सिंव्हाची!” बारकू नुसता हसला. ममता मोबाईलमधून मान वर काढून म्हणाली, “अंकल, सच में? थँक्यू!” ती आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती.

“तुम्ही दोघं नाही येत?” सरुबाईने विचारलं.

“आमचं बघून झालंय. तुम्ही निवांत जा. पाच-साडेपाचपर्यंत आलात तरी चालेल. घाई करू नका.”

घरी आल्यावर वर्षाने विचारलं, “काय म्हणाली?”

“खूश झाली.”

“मग तोंड असं का केलंय?”

हेमंत हात-पाय धुवायला मागे गेला.

रविवारी सकाळी नऊला रिक्षा आली. सरुबाईने मोरपंखी साडी नेसली होती. बारकूने इस्त्रीचा सदरा घातला होता. तिने डबा भरून घेतला होता आणि आदल्या दिवशीच सगळ्या पोरांना सांगून ठेवलं होतं. जाता जाता तिने ओटा झाडला. दोन्ही घरांचा, नेहमीसारखा. हेमंत दारात उभा राहून हात हलवत होता.

रिक्षा वळली आणि तो कामाला लागला. तिच्या दारापुढचा पाण्याचा पिंप त्याने आणि विकीने उचलून मागे नेला. भांड्यांची टोपली, बसायच्या गोणपाटांची चवड, भिंतीला टेकवलेली परात, सगळं विहिरीमागे. वर्षाने दोरीवर वाळत घातलेल्या मिरच्या उतरवल्या. मग हेमंत स्टुलावर चढला आणि त्याने तार सोडून पाटी काढली.

“पाटी कशाला?” वर्षा म्हणाली.

“ती असली की बाकीचं लपवून काय उपयोग?”

पाटी त्याने विहिरीच्या कठड्याला उलटी टेकवून ठेवली. आत येऊन दोघांनी मिळून लाकडी कपाट सरकवलं आणि मधल्या दारासमोर लावलं. कपाट सरकवताना वर्षा एकदाही त्याच्याकडे बघत नव्हती, आणि तोही तिच्याकडे बघत नव्हता.

अकराला मिलिंद आणि जुई आले. पस्तिशीचं जोडपं, बोलायला मोकळं. जुईला घर बघताक्षणी आवडलं. तिने १९११च्या दगडावरून हात फिरवला, खिडक्यांच्या जुन्या कड्या उघडून बघितल्या, मागे जाऊन विहिरीत वाकून पाणी पाहिलं. तेव्हा पाटी तिच्या पायापासून हातभर अंतरावर होती.  पण मागच्या बाजूने तो नुसता पत्र्याचा तुकडाच वाटत होता.

“शेजारी कोण राहतं?” मिलिंदने विचारलं.

“सध्या बंदच असतं ते,” हेमंत म्हणाला. “त्यांचं गाव नंदुरबारकडे आहे.”

दुसरं वाक्य खरं होतं.

“आणि या कपाटामागे?” आतल्या खोलीत जुईने विचारलं. “भिंतीला चौकट दिसते आहे वर.”

“जुनं दार होतं. पूर्वीच बंद केलंय.”

वर्षा चहा आणते म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि चहा उकळून गाळून झाला तरी बराच वेळ बाहेर आली नाही.

मिलिंदने कागदपत्रांचं विचारलं, छपराचं विचारलं. शेवटी तो जुईकडे बघून हसला आणि हेमंतला म्हणाला, “आम्हाला आवडलंय. उद्या फोन करतो, तेव्हा पुढचं बोलू.” विकीने हेमंतकडे बघून भुवई उडवली.

“आता दुपार मोकळीच आहे,” जुई म्हणाली. “इथे बघण्यासारखं काय आहे?”

“वासोणा!” विकी ताबडतोब म्हणाला. सरुबाई कुठे गेली आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. “लायन सफारी. वीस मिनिटं.”

“नको, तिथे रविवारी फार गर्दी,” हेमंत म्हणाला. “वनगंगा बागेत जा. तळं आहे, छान आहे.”

“बागा काय, पुण्यातही आहेत,” जुई हसली. “सिंहच बघू या.”

गाडी गेली. हेमंत ओट्यावर बसला. एवढ्या गर्दीत कोण कोणाला भेटणार, असं त्याने स्वतःला समजावलं. शिवाय ते एकमेकांना ओळखत कुठे होते? सामान परत लावायला वेळ होता. चार वाजता लावू, असं म्हणून तो जेवायला बसला. जेवण त्याला गेलं नाही.

वासोण्याला काय झालं, ते त्याला नंतर ममताकडून कळलं.

सकाळी तिथे बससाठी इतकी रांग होती की तिकिटं असूनही सरुबाईचा नंबर दीड वाजता लागला. जाळी लावलेल्या बसमध्ये गुजराती कुटुंबं भरलेली होती. दोनच जागा उरल्या, तेव्हा रांगेतली मोठी कुटुंबं सोडून मागच्या मिलिंद आणि जुईला आत घेतलं. ते बसले सरुबाईच्या मागेच. बस वळणावर थांबली. बांबूच्या सावलीत सिंह पडलेला होता. त्याने उठून आळस दिला आणि सरळ बसकडे बघितलं. सरुबाई खिडकीला धरून ओरडली, “आवो, देखा ना! कितला मोठा शे!” सगळी बस हसली. जुईही हसली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही खानदेशातल्या का? माझी आजी अस्संच बोलायची. धुळ्याची होती.”

मग काय, बसमधून उतरेपर्यंत दोघींची ओळख घट्ट झाली. सरुबाईने त्यांना झाडाखाली बसवून घेतलं, डबा उघडला, हातावर भाकरी आणि ठेचा ठेवला. मिलिंदने मागून घेऊन दुसरी भाकरी खाल्ली.

“नेहमी येता का इकडे?” त्याने विचारलं.

“पहिल्यांदाच. सिल्वासाला येऊन पंचवीस वर्षं झाली, पन पहिल्यांदाच. आमचे शेजारी आहेत ना, हेमंतभाऊ, त्यांनी तिकिटं काढून दिली. रिक्षा पन त्यांनीच सांगितली. म्हनाले, सरुताई, एक दिवस खानावळ बंद ठेवा नि मजा करा. कोन करतं आजकाल? सख्खा भाऊ नाही करत.”

जुईने घास तसाच हातात धरला. “कुठे राहता तुम्ही?”

“आमलीत. भाजीबाजाराच्या मागे. जुनं घर आहे, पोर्तुगीज टाइमचं. दोन दारं हायेत, एक त्यांचं, एक आमचं.”

“पण त्यांनी तर सांगितलं की ते...” जुई बोलून गेली आणि थांबली. मिलिंदने तिच्याकडे बघितलं. ममता दोघांकडे बघत होती.

“काय सांगितलं?” ममताने विचारलं.

जुईने मान खाली घातली. मग मिलिंद म्हणाला, “आम्ही सकाळी ते घर बघायला गेलो होतो. विकत घ्यायला.”

“हां, भाऊंना विकायचंय ना,” सरुबाई म्हणाली. “मंग बघितलं? चांगलं आहे. आमची खानावळ पन तिथंच. तुम्ही आले राहायला तर रोज भाकरी.” ती हसत होती. हसता हसता तिचं हसणं हळूहळू कमी झालं. “बंद होतं ना आज आमचं,” ती स्वतःशीच म्हणाली. “आज बघायला आले होय तुम्ही.”

बारकूला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. तो माकडांकडे बघत होता.

परत जायला रिक्षा मिळेना. मिलिंदने त्यांना गाडीतून सोडतो म्हटलं. सरुबाई नको म्हणत होती, पण ममताने आईला गाडीत बसवलं. रस्त्याच्या कडेला वारली बायका बोरं विकत होत्या. सरुबाईने गाडी थांबवायला सांगितली आणि एक मोठी पिशवी बोरं घेतली. “वहिनींना आवडतात,” म्हणाली.

साडेतीन वाजता गाडी गल्लीत शिरली तेव्हा हेमंत अंघोळीचा टॉवेल खांद्यावर टाकून ओट्यावर उभा होता. त्याला आधी मिलिंदची गाडी दिसली आणि पुन्हा का आले असतील, असं वाटलं. मग मागचं दार उघडलं आणि मोरपंखी साडीतली सरुबाई उतरली.

पायाखालच्या ओट्याने आपल्याला गिळलं तर बरं, असं त्या क्षणी त्याला झालं.

सरुबाईने ओट्याकडे बघितलं. पिंप नाही, टोपली नाही, गोणपाटं नाहीत. मग तिने वर बघितलं. नुसती तार लोंबत होती.  बारकूच्या सगळ्यात शेवटी ध्यानात आलं. “पाटी कुठंय?” त्याने मोठ्याने विचारलं, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा गल्लीभर गेला. समोरच्या वेल्डरने मान वर केली. “सरू, आपली पाटी कोनी नेली?”

 वर्षा दारात आली होती, ती हळूच म्हणाली, “विहिरीपाशी आहे, बारकूभाऊ.” ते त्याला ऐकू गेलं नाही. तिला दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं.

बारकू मागे गेला, पाटी घेऊन आला, सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि स्टूल मागितलं. जे स्टूल सकाळी हेमंतने वापरलं होतं, तेच त्याने आणून दिलं. पाटी टांगताना बारकू म्हणाला, “तार सैल झाली असंल. पडली असंल.” त्याला खरंच तसं वाटलं की त्याने सगळ्यांना वाट काढून दिली, हे हेमंतला पुढेही कधी कळलं नाही.

मिलिंद गाडीशेजारीच उभा होता. “आम्ही निघतो,” तो हेमंतला म्हणाला. जुईने सरुबाईचे दोन्ही हात धरले, काहीतरी पुटपुटली आणि गाडीत बसली. हेमंतकडे तिने पाहिलं नाही.

गाडी गेल्यावर सरुबाई वर्षापाशी आली आणि बोरांची पिशवी पुढे केली.

“घ्या वहिनी.”

“सरुताई, मला नको...” वर्षाचे डोळे भरून आले.

“तुमच्यासाठीच आनलीत. मी काय करू त्यांचं?” पिशवी वर्षाच्या हातात देऊन ती आत गेली आणि तिने दार लावलं. घरात माणसं असताना ते दार दिवसाउजेडी लागलेलं हेमंतने पहिल्यांदा पाहिलं.

सोमवारी मिलिंदचा फोन आला.

“गायधनीसाहेब, खरं सांगू? खानावळ आहे हे आधी कळलं असतं तर आम्ही बघायला आलोच नसतो. मला इथे रात्रपाळी असणार, दिवसा झोपावं लागेल. तेव्हा तुमचा अंदाज काही चूक नव्हता. पण आता भीती वाटते. शेजाऱ्यांबद्दल एवढं केलंत, तर कागदांबद्दल काय केलं असेल? माफ करा.”

“कागद चोख आहेत हो,” हेमंत म्हणाला. फोन केव्हाच ठेवला गेला होता.

ममता त्याला विहिरीवर भेटली. ती बादली भरत होती. तो तसाच परत फिरणार होता, पण तिने हाक मारली.

“अंकल, एक बोलू? तुम्ही नुसतं सांगितलं असतं ना, की रविवारी लोक येणारेत, तर आम्ही स्वतः बंद ठेवलं असतं. मम्मीने सगळं आतसुद्धा नेलं असतं. तिला तुम्ही काही सांगायचं आणि तिने ऐकायचं नाही, असं झालंय का कधी?”

“चुकलं माझं, ममता.”

“मला नका सांगू. मम्मी शनिवारी रात्रीपर्यंत सगळ्या पोरांना सांगत होती, भाऊंनी तिकिटं दिली, भाऊंनी तिकिटं दिली. आता ती पोरं विचारतात, कसा होता सिंह. ती काही बोलतच नाही.”

आठ दिवस हेमंत शेजारच्या दाराकडे न बघता कंपनीत जात होता आणि येत होता. वर्षाही जाऊ शकली नाही. बोरं फ्रिजमध्ये सुरकुतून गेली. तिला ती खाववेनात आणि टाकवेनात. पुढच्या रविवारी सकाळी त्याने एकट्याने कपाट रेटत रेटत बाजूला केलं. फरशीवर दोन पांढरे ओरखडे उठले. मग त्याने मधलं दार ठोठावलं. कितीतरी वेळाने कडी वाजली. सरुबाई पिठाच्या हातांनी उभी होती.

“सरुताई, मी माफी मागायला आलोय.”

“मागू नका.”

“मागायलाच पाहिजे. तुम्ही नानांचं जे केलंत, त्यानंतर मी हे केलं. मला झोप लागत नाही. मला तुमची लाज नव्हती वाटत हो. फक्त घर विकलं जावं म्हणून...”

“साहेब,” ती म्हणाली. आजवर तिने त्याला भाऊ सोडून दुसरी हाक मारली नव्हती. “तुम्हाला आमची लाज वाटली का नाही, ते तुम्हाला ठाऊक. माझं सांगते. आजपर्यंत मला या कामाची कधी लाज वाटली नाही. आता वाटते. पोरं जेवायला आली की मी आधी चपला बघते. त्यांना म्हनते, हळू बोला. काल एकाला मागच्या बाजूला बसवलं, कारन त्याचे कपडे तेलाचे होते. त्याने विचारलं, मावशी, काय झालं? काय सांगू त्याला?”

हेमंत मान खाली घालून उभा राहिला.

“भाकऱ्या करपतील माझ्या,” ती म्हणाली आणि आत वळली. दार तिने लावलं नाही, पण तो आतही गेला नाही.

पुढची पार्टी त्याने विकीला मुद्दाम कामाच्या दिवशी, दुपारी दीड वाजता बोलवायला सांगितली. “साहेब, डोकं फिरलं का?” विकी म्हणाला. आली ती सरिता नावाची एक नर्स, मुलाला घेऊन एकटी राहणारी. ओट्यावर पंचवीस पोरं जेवत होती. हेमंतने तिला आत नेण्याआधी तिथेच उभं करून सांगितलं, “ही खानावळ रोज असते. दोन वेळा गलका होतो. चपला असतात. आणि हे शेजारी आहेत म्हणून माझे वडील शेवटचे पाच महिने माणसासारखे जगले.” सरुबाई वाढत होती. तिने ऐकलं, पण वाढायची थांबली नाही. सरिताने पंगतीकडे बघितलं, मग विचारलं, “ड्यूटीहून उशिरा आले तर डबा मिळेल का?”

“मिळंल,” सरुबाई म्हणाली.

घर तिनेच घेतलं. पहिल्या गिऱ्हाइकांना सांगितलेल्या भावापेक्षा कमीत गेलं, आणि त्याबद्दल वर्षा एका शब्दाने बोलली नाही. मार्चमध्ये टेम्पो भरला. बारकूने सामान चढवायला हात लावला. सरुबाई ओट्यावर येऊन उभी राहिली, वर्षाला कुंकू लावलं आणि नीट जा म्हणाली. जे रिवाजाप्रमाणे करायचं ते सगळं तिने केलं.

मेच्या शेवटी मंजुषाचं लग्न होतं. पत्रिका पाठवून भागणार नाही म्हणून हेमंतने फोन केला. दोनदा नंबर लावून त्याने कापला, तिसऱ्यांदा सरुबाईनेच उचलला.

“मंजुषाचं लग्न आहे, सरुताई. तिघांनी यायचं. नाही म्हणायचं नाही.”

पलीकडे थोडा वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

“किती वाजता येऊ?” तिने विचारलं.

“सकाळीच या. मुहूर्त साडेअकराचा आहे.”

“तसं नाही. तुमची पाहुणेमंडळी असतील. ती जेवून गेल्यावर आलो तर बरं, का आधी आलेलं चालंल?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला सोपं गेलं असतं. एखाद्या नव्या ठिकाणी कामाची वेळ विचारावी तशी ती विचारत होती.

“आधी या,” तो कसाबसा म्हणाला. “सगळ्यांच्या आधी या.”

ते आले. ममताची परीक्षा होती, म्हणून दोघंच. हेमंत लग्नघर सोडून स्वतः स्टँडवर त्यांना घ्यायला गेला. कार्यालयात सरुबाई शेवटच्या रांगेत भिंतीकडेच्या खुर्चीवर बसली. त्याने तिला आणि बारकूला पुढे नेलं आणि व्याह्यांपुढे उभं केलं. विहीणबाई जरीच्या साडीत होत्या. त्यांनी हसून नमस्कार केला.

“हे बारकूभाऊ, या सरुबाई. सिल्वासाला माझ्या वडिलांचं सगळं यांनी केलं. अग्नीसुद्धा बारकूभाऊंनी दिला. आमचे शेजारी.”  सरुबाईच्या तोंडाकडे बघायचा त्याला धीर झाला नाही. तो तिच्या खांद्यावरच्या पदराकडे बघत होता.

“अगंबाई,” विहीणबाई म्हणाल्या. “म्हणजे घरचेच की.”

“शेजारी होतो,” सरुबाई शांतपणे म्हणाली. “आता तिथं एक नर्सबाई राहते. चांगली आहे.”

मग वर्षा आली आणि तिला हाताला धरून जेवायला घेऊन गेली.